रेशनकार्डावर नसलेली बहीण

आईचं सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड निघालं, त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते. उत्पन्नाचा दाखला नको, कुणाची ओळख नको, वय सत्तरच्या पुढे असलं की झालं. आधार नंबर टाकला, ओटीपी आला, फोटो काढला, कार्ड तयार. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या झेरॉक्सवाल्या सिंधी काकांकडून मी ते छापून लॅमिनेट करून घेतलं. ते म्हणाले, "संभालके रखना दीदी, पाँच लाख की चीज है." मी ते पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. घरी येईपर्यंत ते जागेवर आहे ना, हे मी दोनदा तपासलं.

मी अंबरनाथला एका शाळेच्या ऑफिसात काम करते. फॉर्म भरणं हा माझा धंदाच आहे म्हणा ना. शिष्यवृत्तीचे फॉर्म, जातीच्या दाखल्याचे, नाव दुरुस्तीचे. पालक येतात आणि "मॅडम, तुम्हीच भरा" म्हणून कागद पुढे करतात. त्यामुळे सरकारी कागद मला घाबरवू शकत नाही, असा माझा समज होता. हा समज पुढच्या दीड महिन्यात पार धुळीला मिळाला.

कार्ड आईसाठी नव्हतंच मुळी. आई चौऱ्याहत्तरची, तिला गुडघे आणि कान सोडले तर काही नाही. कार्ड हवं होतं ताईसाठी. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, आता त्रेपन्न वर्षांची. तिची बुद्धी सहा-सात वर्षांच्या मुलीइतकी राहिली. बाबा गेल्यापासून आई आणि ती अशा दोघीच बदलापूरला बेलवलीच्या घरात राहतात. ताईला एक काम फार सुंदर येतं. भिजवलेले वाल सोलावेत तर तिनेच. एकाही दाण्याला नख लागत नाही. आजूबाजूच्या बायका बिरड्याचे वाल तिच्याकडे आणून देतात, आणि ती मांडी घालून, जीभ किंचित बाहेर काढून, तासन्‌तास सोलत बसते.

त्या सोलण्यावरूनच आम्हाला कळलं. ती मधेच थांबायला लागली. वाटीभर झाले की भिंतीला टेकायची आणि तोंडाने श्वास घ्यायची. मग न्हाणीघरापर्यंत चाललं तरी दम लागायला लागला. डॉक्टरांनी इको काढायला लावला आणि सांगितलं, हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे, लहानपणीच्या कुठल्या तरी तापाने बिघडलेली असणार, आता बदलावी लागेल. मी विचारलं, "किती दिवस थांबता येईल?" ते म्हणाले, "महिन्याच्या आत करू या. फार ताणू नका."

तर मी कार्ड आणि आई-ताईला घेऊन योजनेच्या यादीतल्या हॉस्पिटलात गेले. अशा हॉस्पिटलांत योजनेचं एक टेबल असतं आणि तिथे बसणाऱ्याला आरोग्यमित्र म्हणतात. ही मित्र म्हणजे पंचविशीतली एक मुलगी होती, सारखं नाक पुसत होती. तिने कार्ड उलटसुलट केलं.

"पेशंट कोण, मॅडम?"

"माझी बहीण. यांची मुलगी. यांच्याजवळच राहते."

"हे कार्ड फक्त आजींचं आहे. सत्तरच्या वरच्यांचं. घरात दुसरं कोणी सत्तरच्या वरचं असेल तर ते यात येतात. मुलगी नाही येत."

"अहो, पण ती आईवरच अवलंबून आहे. अपंग आहे."

"दिव्यांग प्रमाणपत्र आहे?"

मी आईकडे पाहिलं. आई कॉरिडॉरमधल्या पाण्याच्या मशीनकडे पाहत होती.

प्रमाणपत्र नव्हतं. कधीच काढलं नव्हतं. मला ते माहीत होतं, तरी त्या टेबलासमोर मला आईचा असा राग आला की विचारू नका. रिक्षात बसल्यावर मी तिला फैलावर घेतलं. त्रेपन्न वर्षं! एक कागद काढायला त्रेपन्न वर्षं कमी पडली तुला? आई म्हणाली, "एकदा शिक्का बसला की बसला. तेव्हा लोक काय म्हणायचे, तुला काय माहीत." ताई आमच्या दोघींच्या मध्ये बसली होती. भांडण तिला आवडत नाही. तिने माझा हात धरला आणि आईचाही धरला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. मी तोंड बंद केलं, पण आतून धुमसत राहिले.

त्या रात्रीपासून मला काही सुचेना. शाळेत, बसमध्ये, भाजी चिरताना, माझ्या डोक्यात एकच रकाना फिरत होता. माझा मेडिक्लेम बघितला: नवरा, मुलं, सासू-सासरे चालतात, बहीण नाही. नवऱ्याच्या कंपनीचा बघितला: तिथेही तसंच. बाबांच्या कारखान्याचा विमा ते निवृत्त झाले तेव्हाच संपला होता. दिव्यांगांसाठी निरामय म्हणून एक योजना आहे. मतिमंदत्व असलेल्यांना ती मिळते, वयाची अट नाही. पण तिला आधी प्रमाणपत्र पाहिजे. ते देणारे डॉक्टर ठरलेल्या वारी बसतात, तपासणीला पुढची तारीख मिळते, आणि सगळं होऊनही निरामयची मर्यादा एवढी की झडपेच्या ऑपरेशनला ती पुरायची नाही. अर्ज मी तरीही करून टाकला. पण ऑपरेशन त्यावर होणार नव्हतं.

म्हणजे आई म्हातारी होती म्हणून तिला योजना होती. माझी मुलं लहान होती म्हणून त्यांना माझा विमा होता. ताई मात्र कुणाची बायको नाही, कुणाची आई नाही, सत्तरीची नाही, आणि मुलगी म्हणावी तर पन्नाशी उलटलेली. ती कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्या आरोग्यमित्र मुलीनेच वाट दाखवली. तिला माझी दया आली असावी, किंवा कटकट झाली असावी. म्हणाली, "मॅडम, तुम्ही उगाच केंद्राच्या कार्डाच्या मागे लागलात. राज्याची जनआरोग्य योजना आहे ना. झडपेचं ऑपरेशन त्यात बसतं. त्याला वय नाही लागत, दिव्यांगचा दाखला नाही लागत. रेशनकार्डात नाव आणि एक फोटोचं ओळखपत्र. एवढंच आणा."

एवढंच! मी बेलवलीला पोहोचेपर्यंत रिक्षावाल्याला दोनदा सांगितलं की जरा पळव. आईच्या कपाटातलं केशरी कार्ड काढलं. त्यात बाबांचं नाव होतं, त्यावर रेघ. आईचं नाव होतं. माझं नाव, लग्नानंतर मारलेली रेघ. आणि त्याच्या वर आणखी एका नावावर रेघ होती, माझ्याआधीची.

"आई, ताईचं नाव कुठे गेलं?"

आई कुकरची शिटी काढत होती. म्हणाली, "मामाकडे नाही का दिलं होतं? तुझ्या लग्नाच्या वेळी."

हे नीट सांगायला हवं. मला सांगून आलेल्या मुलाचे काका रेशनिंग ऑफिसात होते. बदलापूरची कार्डं तेव्हा त्यांच्याच ऑफिसात असायची. आईने धसका घेतला. मुलीची मोठी बहीण अशी आहे म्हटलं तर लोक दारातूनच परत जातात, हे तिने आमच्याच आळीत बघितलं होतं. आमच्या घरी येणाऱ्यांपासून ताईला लपवता येत होतं, कोकणात मामाकडे पाठवून देता येत होतं. पण कार्डावरचं नाव कुठे लपवणार? म्हणून तिने नावही मामाकडे पाठवून दिलं. अर्जांच्या ढिगात एक कोण वाचतो, असं म्हणत अर्ज करून ताईचं नाव आमच्या कार्डातून कमी केलं आणि मामाच्या कार्डात चढवलं. मामालाही साखर-रॉकेल थोडं जास्त मिळत होतं, तो कशाला नको म्हणतो. ताई दीड महिना मामाकडे राहिली, माझं लग्न लागलं, ताई परत आली. नाव मात्र तिकडेच राहिलं.

मी मामाच्या मुलाला फोन लावला. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. तो म्हणाला, "अगं, आधार जोडायला लावलं ना सगळ्यांना, तेव्हा गेलं ते. ती हयच नव्हती, अंगठा कोण देणार? माणूस नाय म्हणून काढून टाकलान."

म्हणजे माझी बहीण सरकारच्या लेखी कुणाच्याच घरात नव्हती. आधारकार्डावर बेलवलीचा पत्ता, पण कुटुंब नाही. आणि नव्याने नाव चढवायचं तर आधीच्या कार्डातून कमी केल्याचा दाखला मागतात. तो द्यायला मामाकडचं ऑफिस तयार नव्हतं, कारण त्यांनी दाखला देऊन नाव कमी केलंच नव्हतं, नुसतं गाळलं होतं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. डॉक्टरांनी दिलेल्या महिन्यातले बारा दिवस गेले होते.

त्या दिवशी मी आईला नको नको ते बोलले. म्हटलं, तुझ्या भीतीपायी पोरीच्या जिवावर आलंय. म्हटलं, तू तिला कागदावरून पुसून टाकलंस.  आई ताईच्या केसांना तेल लावत बसली होती, तशीच लावत राहिली.

शेवटी नवरा म्हणाला, "आपण काकांना का नाही विचारत? त्यांची हयात गेली त्या ऑफिसात."

काका म्हणजे तेच. ज्यांच्या भीतीने हे सगळं झालं ते माझे चुलत सासरे. आता ऐंशीला टेकलेले, कॅम्प पाचला राहतात. नवऱ्याला ताईबद्दल मी लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात सांगितलं होतं, आणि तो बेलवलीला जाऊन पंखे दुरुस्त करण्यापासून ताईला जत्रेत पाळण्यात बसवण्यापर्यंत सगळं करत आला. सासूबाईंना कुठूनसं कळलंच असणार. पण कुणी काही बोललं नाही, म्हणून आम्हीही बोललो नाही, आणि न बोलण्याची सवय होऊन गेली. सव्वीस वर्षांत ताई माझ्या सासरी एकदाही आली नाही. गणपतीला नाही, माझ्या मुलांच्या बारशाला नाही. "तिला गर्दीत भीती वाटते," असं मी म्हणायचे. ताईला गर्दी आवडते. जत्रेतून ती घरी यायला तयार नसते.

आई यायला तयारच नव्हती. "तुझे ते रेशनिंगवाले सासरे? नको गं बाई. तू एकटी जा." पण फोटो, अंगठा काय लागेल सांगता येत नाही म्हणून मी दोघींना रिक्षात घातलं. खरवईवरून येणारा रस्ता उकरलेला, रिक्षा आचके देत चाललेली, ताईचा दम प्रत्येक आचक्याला ऐकू येत होता. मी मनात दिवस मोजत होते.

काकांनी दार उघडलं. त्यांनी आईला नमस्कार केला, मग ताईकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. म्हणाले, "ये, बस. पंख्याखाली बस." काकूंनी चहा टाकला. मी सगळं घडाघडा सांगितलं: झडप, योजना, मामाचं कार्ड, दाखला. फक्त नाव तिकडे का गेलं ते गुळमुळीत ठेवलं. म्हटलं, "तेव्हा काहीतरी कारणाने ती मामाकडे होती."

काका ऐकत होते. मग म्हणाले, "सूनबाई, तो दाखला मीच दिला होता."

"कुठला?"

"हिचं नाव कमी केल्याचा. बदलापूरचं कार्ड, गावाला ट्रान्सफर. माझ्याच टेबलावर आला अर्ज."

आईने पदर तोंडाला लावला.  मी विचारलं, "मग तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? पुढच्या रविवारी तुमच्याकडे बैठक. तुझा बायोडाटा माझ्या खिशात होता. त्यात लिहिलेलं, भावंडं नाहीत. आणि समोर अर्ज, मोठ्या बहिणीचं नाव कमी करा. मी दोन्ही कागद बाजूबाजूला ठेवून बघितले. अक्षर एकच होतं."

इथवर मी एक गोष्ट लिहिली नाही. आई चौथी शिकलेली आहे. ती सही करते, अर्ज लिहीत नाही. तो अर्ज मी लिहिला होता. चोवीस वर्षांची होते, पदवीधर होते, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद ठेवून लिहिला, आई शेजारी उभी राहून सांगत होती हे खरं, पण "सदर व्यक्ती यापुढे आमच्या कुटुंबात राहणार नसल्याने" हे वाक्य माझं आहे. आईला असलं वाक्य सुचलं नसतं. ते मला आठवत नव्हतं असंही नाही. मला ते नेहमी आठवत होतं. रिक्षात आईला ओरडताना आठवत होतं, पुसून टाकलंस म्हणताना आठवत होतं, आणि आई एका शब्दाने मला म्हणाली नाही की लिहिलं तू होतंस.

"अक्षर सुंदर होतं," काका म्हणाले. "ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही. घरी येऊन मी दादाला, तुझ्या सासऱ्यांना, सांगितलं, मुलगी शिकलेली आहे, हरकत नाही. हिचं काही सांगितलं नाही. वाटलं, लग्न झालं की आणेल एक दिवस बहिणीला घरी. दर गणपतीत बघायचो, आज आणलीय का."

त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मला इतकी लाज वाटली की मी चहाच्या कपाकडे बघत बसले. ताई तेवढ्यात काकूंच्या मागे स्वयंपाकघरात गेली होती आणि तिथे त्यांनी तिला खारी बिस्किटं दिली होती. ती मोठ्याने हसत होती.

"आता रडत बसू नको," काका म्हणाले. "टाइम नाहीये आपल्याकडे. मी पण तेव्हा विचारायला हवं होतं. दाखला देताना विचारायचं असतं, माणूस चाललंय कुठे. मी नाही विचारलं. पेन घे."

मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. गावच्या कार्डातून नाव गाळलं गेल्याचं प्रतिज्ञापत्र. ती आईजवळच राहते याचा शेजाऱ्यांचा पंचनामा. आधारची प्रत. डॉक्टरांचं पत्र, त्यात तातडीचं ऑपरेशन हे शब्द हवेतच, त्यावर निर्णय लवकर होतो. कुठल्या खिडकीला आधी जायचं, कुणाकडे नाही जायचं. एजंट गाठला तर तो काम तर करणार नाहीच, कागदही हरवेल. "आणि ऑनलाइन दिसेपर्यंत घरी बसायचं नाही. रोज जाऊन उभं राहायचं. उभं राहिलेल्या माणसाचं काम होतं." अर्जात शेवटी मी लिहिलं की सदर व्यक्ती जन्मापासून आमच्या कुटुंबात राहत आहे. काकांनी वाचलं, मान हलवली, आणि आईपुढे सहीला ठेवलं.

मी शाळेत रजा टाकली आणि रोज जाऊन उभी राहिले. अकराव्या दिवशी मोबाइलवर कार्ड उघडलं तर आईच्या नावाखाली ताईचं नाव होतं. मी तिथेच पायरीवर बसले. आरोग्यमित्र मुलीने त्याच दुपारी कागद चढवले. मंजुरी यायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मी किती वेळा फोन केला ते तिलाच विचारा. तिने एकदाही फोन कापला नाही, एवढं खरं.

ऑपरेशनच्या दिवशी ताईला सकाळी आत नेलं. जाताना ती नवऱ्याला म्हणाली, "पाहुणे, तुम्ही इथेच बसा हं." आम्ही बसलो. मी, आई, नवरा. दहाच्या सुमारास काका आणि काकू आले, मागून सासूबाई आल्या, नणंद डबा घेऊन आली. सगळे भिंतीकडेच्या खुर्च्यांवर ओळीने बसले. कुणी काही विचारलं नाही. सासूबाईंनी आईला थर्मासमधला चहा ओतून दिला आणि तिच्याशेजारी बसून जपमाळ काढली.

मला एका जागी बसवत नव्हतं. मी दारापर्यंत जात होते, परत येत होते. तीन तासांनी डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, झडप बसली, हृदय नीट चालतंय, उद्या भेटू देऊ. मी आईजवळ जाऊन तिच्या कानात सांगितलं, कारण तिला हल्ली कमी ऐकू येतं.

आईने डोळे मिटून हात जोडले.  मग तिने माझं मनगट धरून मला खाली ओढलं, सासूबाईंकडे चोरून एक नजर टाकली, आणि हळूच विचारलं, "आता सगळ्यांना कळलं ना गं. तुला घरी कोणी काही बोललं तर नाही?"

"नाही गं आई," मी म्हटलं. "कोणी काही नाही बोललं."